चीज खाली, टोमॅटो वर

माझ्या साडूंनी जन्मात एकही घास चौकशी केल्याशिवाय गिळलेला नाही, आणि शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजल घातलं तरी 'कुठून भरलंत?' हे विचारल्याशिवाय ते प्राण सोडणार नाहीत. माणूस मूळचा मिरजेचा, नोकरी बहरीनला, मनामातल्या एका बँकेत ऑडिटरची, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. तिथल्या सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टरांनी तापाची गोळी दिली, तर तिच्यावरचा गुलाबी रंग कशाचा हे कळेपर्यंत यांनी ताप अंगावर काढला. एकदा टेबलफॅन घ्यायला गेलो. दुकानदाराला तिन्ही स्पीडवर पंखा चालवायला लावून हे गृहस्थ त्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि गार वाऱ्यात चक्क घोरायला लागले. पंखा घेतला नाहीच. दुकानदाराची बोलणी मी खाल्ली.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या एकुलत्या एका लेकीला शिकागोच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पोरगी बहरीनमध्येच वाढलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. व्हिसा झाला, थोरल्या मेव्हणीने बॅगा काढल्या, पण साडू काही 'हो' म्हणेनात. "तिथं ती खाणार काय?" या एकाच खुंटीवर पोरीचं सगळं भवितव्य टांगून ठेवलेलं. ती बिचारी माझ्याकडे येऊन रडली. "काका, प्लीज टॉक टू हिम. ही वोन्ट लेट मी गो."

मी बोलायला गेलो आणि फसलो. मनामाच्या हूरा भागात नुकतंच एक हॉटेल निघालं होतं, तिथं शिकागो पद्धतीचा जाड पिझ्झा मिळायचा. मी म्हणालो, "साडूभाऊ, एकदा खाऊन बघा. पोरगी उपाशी मरत नाही, एवढं तरी पटेल." जीभ झडली असती तर बरं झालं असतं! त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी हे रिफातल्या घरून गाडी काढून माझ्या दारात हजर. "चला, यल्ला!"

हा पिझ्झा म्हणजे उंच काठाच्या भांड्यात थापलेली जाड पोळी, तिच्यावर चीज, मग भाज्या, आणि सगळ्यात वर टोमॅटोचा रस्सा. भाजायला पाऊण तास. एवढं समजायला मला पाच मिनिटं लागली. साडूंनी त्या मल्याळी वेटरचा जीव खाल्ला. "चीज नीचे क्यों?" "साब, ऊपर रखेगा तो जल जाएगा." झालं की नाही समाधान? छे! माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे ताटात आधी वरण, आणि वर भात! ही काय पद्धत झाली?" मी म्हटलं, "अहो, पोटात गेल्यावर कोण बघतंय?" त्यावर मला पचनसंस्थेवर व्याख्यान.

मग भांड्याचं निघालं. आदल्या गिऱ्हाइकाचं मटण-बीफ त्याच भांड्यात भाजलं असेल तर? पुढच्या शुक्रवारी हा महापुरुष घरून मेव्हणीचं केकचं भांडं पिशवीत घालून आला. शरमेने मी मेनूकार्डामागे तोंड लपवलं. हॉटेलचा बहरीनी मालक मात्र देवमाणूस. भांडं हातात घेऊन हसला, "मफी मुश्किल! नो प्रॉब्लेम!" त्या भांड्यात पिझ्झा झाला, साडूंनी तो चाटूनपुसून खाल्ला आणि हात धुऊन येताच म्हणाले, "शिकागोत असा मालक भेटेल कशावरून?" मी कपाळावर हात मारून घेतला.

कॉलेज सुरू व्हायची वेळ आली, तशी पोरगी एका शुक्रवारी स्वतःच गाडीत येऊन बसली. हॉटेलात साडूंनी पिशवीत हात घालायच्या आत ती वेटरला म्हणाली, "वन व्हेज, प्लीज. नो मीट. अँड अ क्लीन पॅन." साडूंनी पिशवी हळूच टेबलाखाली सरकवली. पाऊण तासाने पिझ्झा आला. तिने सुरी घातली, आत बघितलं आणि सुरी खाली ठेवली. आत मांसाचे तुकडे! साडू ताडकन उठले. पोरीने त्यांचा हात धरून खाली बसवलं. आवाज न चढवता वेटरला बोलावलं, चूक दाखवली, दुसरा करायला सांगितला. वर "नो हरी" म्हणून त्या घाबरलेल्या माणसाला धीरही दिला. दुसरा आला तेव्हा पहिला तुकडा तिने बापाच्या ताटात वाढला. "ईट, बाबा. आय चेक्ड."

साडूंनी मान खाली घालून खाल्लं. शेवटचा घास संपवून म्हणाले, "जा बाई तू." पोरगी टेबलावरून वाकून त्यांच्या गळ्यात पडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

ती गेल्यानंतरच्या शुक्रवारी मीच साडूंना तिथं घेऊन गेलो. वेटर लांबूनच सावरून उभा. साडूंनी मेनू उघडला नाही. "कुछ भी ला दो," म्हणाले. मला ते बघवेना. "अहो, विचारा की काहीतरी! तब्येत बरी आहे ना?"

"विचारायचं कोणाला?" ते म्हणाले. "काल तिचा फोन आला होता. जेवलीस का विचारलं, तर मराठीत म्हणाली, 'हो बाबा, पोटभर.' कधी मराठीत बोलते का ती? नक्की उपाशी असणार."

मग समोर आलं ते दोघांनी चौकशी न करता खाल्लं.