शेवटच्या पानावरची हळद

दोन वर्षं मी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायलो, आणि ती ओंजळ माझ्याच बायकोची होती. आता सांगून टाकतो. लाज वाटते, पण वय झालं की लाजही जरा सैल होते.

मी बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होतो. तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. निवृत्त झालो आणि बेटेगावच्या घरात दिवसभर बसून बायकोच्या कामात खोडी काढायला लागलो. डाळीला फोडणी उशिरा दिलीस, झाकण नीट बसलं नाही, गॅस मोठा आहे. ती कारखान्यांतल्या आठ-दहा कामगारांचे डबे करते. दोन महिने तिने ऐकून घेतलं आणि मग एके दिवशी पळी ओट्यावर ठेवून म्हणाली, "तुमी कुठंतरी जात जा हो. नायतर मी जाते."

शेजारचे एक निवृत्त गृहस्थ पालघरच्या वाचक मंडळात जात. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मीही गेलो. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी तीन वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. दहा-बारा खुर्च्या, चहा, बिस्किटं. मंडळ चालवतात त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा की अजूनही आपण वर्गात उशिरा आलोय असं वाटावं. मंडळाकडे प्रत्येक कादंबरीच्या दोनच प्रती. एक पालघरच्या घरांत फिरते, एक बोईसरच्या.

आणि मंडळाचा एक नियम आहे. गोष्ट सांगायची नाही. सगळ्यांनी वाचलेलीच आहे, तेव्हा आपल्याला काय वाटलं तेवढं बोला. कुणी "मग तो नायक तालुक्याला जातो" असं सुरू केलं की बाई पेन्सिलीने टेबलावर टकटक करतात.

या नियमाने माझं फावलं. कारण पहिल्या कादंबरीची मी अकरा पानं वाचली आणि बाराव्यावर घोरायला लागलो. डोळ्यांचं निमित्त होतं. नोकरीत असताना एकदा डोळ्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं होतं, तेव्हापासून डोळ्यांना पाणी येतं. पण खरं सांगू का, डोळे बिचारे बरे आहेत, माझं बूडच स्थिर नाही.

पुस्तक मात्र घरात वाचलं जात होतं. डबे भरून झाले की बायको मागच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि तशाच हातांनी वाचायची. पानापानावर हळद. खुणेला कढीपत्त्याची काडी. ती इथल्याच, पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतली, पानवेलीच्या मांडवाखाली वाढलेली. शाळा नववीपर्यंत. मी सहज विचारलं, "कसं आहे गं?" तर तिने चहा होईपर्यंत सगळी गोष्ट सांगितली, आणि वर म्हणाली, "हा माणूस चाळीस पानं रडतो. पण त्या चाळीस पानांत घरात रांधलं कोणी, ते एकदा पण लिहिलेलं नाय."

रविवारी मी ते जरा इस्त्री करून बोललो. "लेखकाच्या दुःखात घरातल्या श्रमांना जागा दिसत नाही." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "वा! हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही." माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं सांभाळावी लागली.

मग काय, चटकच लागली. ती वाचायची, मला सांगायची, मी कॅलेंडरच्या मागे दोन ओळी टिपायचो आणि रविवारी फेकायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळात मला मान मिळायला लागला. कारखान्यात जन्म काढला, पण माझं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. इथे सगळे खुर्ची माझ्याकडे वळवून बसायचे. पुस्तकावरच्या हळदीबद्दल बँकेतला एक तरुण सभासद चिडवायचा, "काका, तुमची प्रत फोडणीची असते." मी म्हणायचो, "मी जेवताना वाचतो." बाई नुसत्या हसायच्या.

आणि तिला कधी मंडळात घेऊन जावं असं माझ्या मनात आलं का? आलं होतं. पण रविवार दुपारचे डबे असतात, असं मीच मला सांगून टाकलं.

यंदा उन्हाळ्यात एक कादंबरी आली. घाटाखालच्या गावात पिठाची गिरणी चालवणारी बाई आणि तिचा तापट नवरा. बायकोने ती मला चार दुपारी सांगितली. चौथ्या दुपारी म्हणाली, "मग ती पिशवी भरते. एसटीत बसते. कंडक्टर घंटी मारतो. बस घाटात जाते. संपलं."

"परत नाही येत?"

"नाय," म्हणाली, आणि कुकर बघायला उठली. कुकरची शिट्टी झाली नव्हती हे मला नंतर आठवलं.

रविवारी बँकेतला तरुण म्हणाला की शेवट त्याला घाईचा वाटला. मला तोंड फुटलं. "घाईचा? अहो, इतका धीट शेवट मी आजवर वाचला नाही! बाई एसटीत बसते ती मागे वळूनसुद्धा बघत नाही!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो तरुण हळूच म्हणाला, "काका, पण ती उतरते ना? पहिल्याच थांब्यावर."

इथे गप्प बसायचं होतं. पण माझा स्वभाव! तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही नीट वाचलेलं नाही! उघडा पुस्तक! वाचा शेवटचं पान!"

कप्पाळ माझं. मीच म्हटलं, उघडा.

बाईंनी टेबलावरची प्रत उघडली. नेमकी आमची. बाईंनी वाचलं. ती पहिल्या थांब्यावर उतरते, चालत घरी येते आणि चूल पेटवते. बस्स, तीन ओळी. त्या तीन ओळींवर अंगठ्याचा पिवळा ठसा होता, चांगला दाबून ठेवलेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "ही हळदीची बोटं ज्यांची आहेत, त्यांना एकदा घेऊन या."

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. ती कणीक मळत होती. चपलाही न काढता मी सुरू झालो. "मला तोंडघशी पाडलंस! चारचौघांत माझं पितळ उघडं पाडलंस! खोटा शेवट का सांगितलास?"

"चपला काढा आधी."

काढल्या.

"तुमाला पाडायला नाय सांगितला," ती म्हणाली. "मला ते पान पटलंच नाय. मी दोनदा वाचलं. तोंडातून तसं निघेना. मग मला पटलं तसं सांगितलं."

"म्हणजे तिने नवऱ्याला सोडून जायला हवं होतं?"

ती कणीक मळत राहिली.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमची मुलगी पहिलीत होती तेव्हा मी एकदा तिसरी पाळी करून सकाळी घरी आलो. भाजी खारट होती. माझ्या हातून ताट निसटलं, भिंतीला लागलं. निसटलं, असंच मी सगळ्यांना सांगत आलो. ती मुलीला घेऊन माहीमला माहेरी गेली. मी आणायला गेलो नाही. मी का जाऊ? आठव्या दिवशी कॉस्टिक उडालं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून मला घरी आणून टाकलं, आणि त्याच संध्याकाळी दार वाजलं, तिच्या बांगड्या ऐकू आल्या. कळल्याबरोबर धावत आली! ही गोष्ट मी तीस वर्षं लग्नाकार्यांत सांगितली. माझ्यावाचून करमत नाही हो तिला, असं म्हणायचं आणि टाळी घ्यायची. ती शेजारी बसून ऐकायची.

ते मी तिला आता ऐकवलं. "तू पण आलीसच ना परत? डोळ्यांचं कळलं आणि आलीस. कुणी बोलावलं नव्हतं."

तिचे हात थांबले.

"मला डोळ्यांचं काय माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीमला कोण सांगणार होतं? मी पोरीचा शाळेचा दाखला न्यायला आले होते, सकाळी शाळेत जाणार होते. तिकडच्या शाळेत घालायची होती."



"मग राहिलीस का?"

"डोळ्यांत थेंब कोण घालणार होतं? दर दोन तासांनी सांगितले होते." तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं. "मग पट्ट्या निघाल्या. मग तुमची पाळी बदलली. मग डबे सुरू झाले. मग राहून गेलं."

ती रागावलेली नव्हती, हेच मला झेपेना. भांडली असती तर मी भांडलो असतो, त्यात आपण तरबेज. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो, तिच्या वाचायच्या जागेवर. रडलो म्हणा हवं तर. डोळ्यांना तसंही पाणी येतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन तीच प्रत पुन्हा आणली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. तीन आठवडे लागले. जन्मात पहिलं पुस्तक पुरं केलं. नवरा प्रत्येक वेळी कसा बरोबर असतो ते वाचताना कान तापायचे. हा लेखक बेटेगावला कधी येऊन गेला की काय, असं वाटायचं. ती येता-जाता बघायची.

शेवटचं पान झालं तेव्हा मी म्हटलं, "येत्या रविवारी तू चल."

"डबे?"

"डब्यांचं बघू."

"तुमी काय बघणार, कप्पाळ!" ती म्हणाली. पण शनिवारी डबे न्यायला आलेल्या कामगारांना तिने दारातूनच सांगितलं, "कल दोपहर को डब्बा नहीं मिलेगा. मेरे को मीटिंग है." त्यातला एक इतका चपापला की त्याने विचारलं, "आंटी, सब ठीक है ना?"

रविवारी माझी धूळ खात पडलेली स्कूटर काढली आणि तिला मागे बसवून नेलं. मंडळात उभा राहिलो. म्हटलं, "दोन वर्षं मी इथे जे बोललो त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं. हिचं होतं. मी पुस्तकं वाचलीच नाहीत." बसलो. शेजारचे गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. बाई म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांना थोडं थोडं कळलं होतं हो." आणि बायकोकडे वळल्या. "तुम्ही सांगा. शेवट का पटला नाही? ती परत आली म्हणून?"

बायकोने पदर खांद्यावर घेतला. मला वाटलं, हिचं तोंड उघडणार नाही. तिने सरळ बाईंकडे बघितलं.

"आली म्हणून नाय. बाया येतात परत. पण उतरली, चालत आली, चूल पेटवली, तीन ओळी? लिहिणाऱ्याला वाटलं, बाई घरी आली, संपली गोष्ट. अहो, तिथून तर सुरू होते. ती ज्या दिवशी परत आली त्या दिवसापासून तिच्या मनात काय काय चाललंय, ते कोण लिहिणार? त्याला दोनशे पानं पाहिजेत. ती लिहायची नसतील तर बसमधून उतरवू नका तिला."

बाईंची पेन्सिल हातातच राहिली. बँकेतल्या तरुणाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. आणि मी, माझ्याच बायकोचं बोलणं मंडळात पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकत, मान खाली घालून बसलो होतो. अभिमान वाटत होता आणि लाजही, दोन्ही एकदम.

परत येताना ऊन कललं होतं, रस्ता मोकळा होता. मी मान जरा वळवून म्हटलं, "ती दोनशे पानं मला सांगशील?"

"काय? वाऱ्यात ऐकू येत नाय."

मी स्कूटर कडेला घेतली, एका चिंचेखाली लावली आणि पुन्हा विचारलं. ती खाली उतरली. माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करतोय का ते तपासत.

"मधी बोलायचं नाय," ती म्हणाली.

"नाही बोलणार."

"झोपायचं नाय."

"नाही."

"आणि मंडळात जाऊन सांगायचं नाय."

"नाही गं."

तिने पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली. हात मोकळे केले.

"मग आधी एक सांगा. ते ताट."

तीस वर्षं मी जे वाक्य लग्नाकार्यांत म्हणत आलो, ते जिभेवर तयारच होतं. मी ते गिळलं.

"निसटलं नव्हतं," मी म्हटलं. "फेकलं होतं. तुझ्याकडे बघून फेकलं होतं."

"हां," ती म्हणाली, आणि चिंचेच्या मुळावर बसली. "आता ऐका."