डाळजच्या स्लॅबवर कोण होतं

कोर्टात टाळ्या वाजवायच्या नसतात हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं, तेही बारामतीच्या कोर्टातल्या शिपायानं सगळ्यांदेखत दटावल्यावर. वाजवल्या त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. त्या दिवशी मी बाकावर बसून राहिले हेच पुष्कळ झालं. पण टाळ्यांपर्यंत यायचं तर आधी डाळज गावी जायला हवं, तिथल्या एका बंगल्याचा स्लॅब ओतला त्या दिवशी.

आम्ही इंदापूरचे मुसलमान, बांगड्यांच्या धंद्यातले. मी दुकान सांभाळते आणि लग्नसराईत गावोगाव जाऊन बायकांचे हात भरते. माझ्या धाकट्या भावाला काचेचा धंदा कधीच मानवला नाही. तो सेंट्रिंगचा मिस्त्री झाला. स्लॅब ओतायच्या आधी खाली टेकू देऊन वर प्लेटांचा साचा उभा करायचा, हे त्याचं काम. एकाच ठेकेदाराकडे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. ठेकेदार म्हणजे परका माणूस नव्हे. दोघं एका ताटात जेवलेले. ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी त्याची, आणि त्याच्या घरचा दिवाळीचा डबा आधी आमच्या दारात. मला तो "आपा" म्हणायचा, मीही त्याला भावासारखंच वाटेल ते बोलायची.

आमच्या भागात स्लॅबच्या दिवशी एक रीत पाळतात. मिक्सर सुरू होण्याआधी घरमालक जोडीनं पूजा करतात, नारळ फोडतात आणि मुख्य मिस्त्र्याला टॉवेल-टोपी देतात. त्या दिवशी मिस्त्री म्हणजे मानकरी. डाळजच्या डाळिंबवाल्याच्या बंगल्यावर तो मान माझ्या धाकट्याचा होता. मालकिणीनं त्याच्या हातात टॉवेल-टोपी दिली, आणि तो मुसलमान म्हणून कपाळाला कुंकू न लावता हात जोडले. संध्याकाळी सगळ्यांना मटणाचं जेवण ठरलेलं होतं.

मटण त्याच्या नशिबात नव्हतं. दुपारी कडेची फळी सुटायला लागली म्हणून तो बाहेरच्या परांचीवर उतरला आणि परांचीचा बांबू मोडला. खाली विटांचा थर होता, त्यावर तो आदळला. मांडीचं हाड गेलं, कंबर गेली. आणि वर मिक्सर चालूच! स्लॅब एकदा सुरू केला की थांबवत नाहीत. थांबला तर तिथं जोड राहतो आणि पुढं छत गळतं. हे मला त्यानंच सांगितलेलं. म्हणून तो खाली विव्हळत होता आणि वर लोक माल ओतत होते. मला फोन आला तेव्हा मी दुकानात असे काही शब्द काढले की समोरची दोन गिऱ्हाइकं बांगड्या न घेताच निघून गेली.

दवाखान्यात नेताना जीपमध्ये ठेकेदार त्याच्या कानाशी लागला. "पोलिसाचं लफडं नको रं. खर्चाचं समदं मी बघतो. घरी पडलो म्हण." आणि आमचा शहाणा, मोडक्या मांडीनिशी, काउंटरवर म्हणाला, "घराच्या पत्र्यावरनं पडलो." तिथं तसंच लिहून घेतलं.

मी पोचल्यावर त्याला विचारलं, "खोटं कशापायी बोललास?"

"आपा, दोस्त हाय त्यो माझा. त्येच्या धंद्यावर येईल."

दोस्ती अशीही असते, एकाची कंबर मोडते आणि दुसऱ्याचा धंदा वाचतो. पण पडलेल्या भावाला काय झोडायचं? मी गप्प बसले. मला गप्प बसणं झेपत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

ठेकेदार सुरुवातीला रोज आला. मग एक दिवसाआड आला. मग त्याचा फोन लागेना. धाकटा वॉकर धरून घरातल्या घरात फिरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आता उंचीवर चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. ज्यानं आयुष्यभर परांचीवर उभं राहून भाकरी खाल्ली त्याला असं सांगितलं. मी तडक ठेकेदाराचं घर गाठलं. तो दारात उभा राहूनच बोलला, आत ये म्हणाला नाही. "आपा, त्यो त्येच्या घरी पडला. कागदावर तसंच हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी बारामतीची एसटी धरली. गरिबांना कोर्टात मोफत वकील मिळतो असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. तिथं एक वकीलबाई भेटल्या, माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलायला माझ्याही पुढच्या. त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली आणि मला प्रत्येक गोष्टीला नवा जोर चढत गेला. कामावर माणूस जायबंदी झाला तर काम देणाऱ्यानं भरपाई द्यायची. चूक कुणाची हे बहुतेक वेळा बघतच नाहीत. नेमणुकीचा कागद लागत नाही, रोजंदारीचा माणूस असला तरी कायदा त्याचा आहे. अर्ज मात्र दोन वर्षांच्या आत करायचा. निष्काळजीपणाबद्दल पोलिसांत जाणं हा वेगळा रस्ता, तोही मोकळा आहे.

"दोन्ही रस्ते धरू या!" मी म्हणाले.

घरी येऊन सांगितलं तर धाकटा वॉकरवर टेकून म्हणाला, "पोलीस न्हाय. दोस्ताला आत घालायचं न्हाय मला. भरपाईचा अर्ज कर."

अर्ज गेला. ठेकेदाराचं उत्तर आलं. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं: सदर इसमास मी ओळखत नाही, तो माझ्याकडे कधीही कामास नव्हता. बस्स, एवढंच. धाकटा ते ऐकून खाली बघत राहिला. त्या रात्री जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग मला म्हणाला, "आपा, त्येनं पैसं दिलं न्हाईत तरी चाललं असतं. वळखत न्हाय म्हणाला?" तेव्हापासून त्याला भरपाईपेक्षा एकच गोष्ट हवी होती. त्या स्लॅबवर तो होता, त्या माणसाचा मिस्त्री म्हणून होता, हे कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं होतं. मला तर ते हवंच होतं, वर थोडा सूडही हवा होता. लपवून काय करू?

पण म्हणणार कोण? हजेरी ठेकेदाराच्या डोक्यात. फोटो काढले असतील तर ते त्याच्याच पोरांच्या फोनमध्ये, आणि ती पोरं त्याच्याच कामावर. वकीलबाई दवाखान्याचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या. अचानक थांबल्या.

"आपा, तुमच्या घरावर पत्रा आहे?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरावर पत्रा नाहीच! स्लॅब आहे! आणि तो धाकट्यानंच टाकलाय! खोटं बोलायचं ते बोलला आणि तेही धड जमलं नाही. वकीलबाईंनी टेबलावर थाप मारली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो आणि बाहेर रांगेतले लोक आत डोकावत होते.

"आता तो जबाब खोटा हे कळेल," त्या हसू आवरत म्हणाल्या. "पण माणूस डाळजला होता हे कळायला बघणारा माणूस लागेल. ठेकेदाराच्या खिशात नसलेला."

मला नाव सुचायला वेळ लागला नाही. डाळजची मालकीण. आणि योग असा की बंगल्याची वास्तुशांत जवळ आली होती आणि हात भरायला मलाच निरोप आला.

मी पेटी घेऊन डाळजला निघाले. आता कासाराकडं हात दिलेल्या बाईचं एक असतं, तिला उठून जाता येत नाही. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली की बाई राजाची असो की रंकाची, हात माझ्या ताब्यात. मी मुद्दाम घट्ट माप काढलं. हिरव्या बांगड्या चढवता चढवता हळू आवाजात सुरुवात केली.

"वैनी, स्लॅबच्या दिवशी टॉवेल-टोपी तुमीच दिली व्हती ना मिस्त्र्याला?"

तिचा हात आखडला. "सैल सोडा, फुटंल," मी म्हणाले. ती शेजारच्या खोलीकडे बघत होती. तिथं तिचा नवरा भटजींशी बोलत बसला होता.

"भाभी, आमच्यावर केस हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाय वो. केस ठेकेदारावर हाय. तुमी निस्तं बघितल्यालं सांगायचं."

"हे म्हनत्यात, नव्या घराला कोर्टाची पायरी नको."

मी पुढची बांगडी घेतली. "वैनी, त्यो मला भाऊ हाय."

तिनं दुसरा हात पुढं केला. दोन्ही हात भरून झाले. रीतीप्रमाणे ती माझ्यासमोर वाकली. बांगड्या भरल्यावर सवाष्ण बाई भरणारीला नमस्कार करते आणि आम्ही म्हणतो, चुडा अभंग राहो. मी ते म्हणाले. पण माझं तोंड कुठं थांबतंय? पुढं म्हणाले, "आणि खरं बोलायचं बळ येवो." तिनं झटकन वर बघितलं. मी पेटी आवरली आणि निघाले. एसटीत बसल्यावर मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. इंदापूर येईपर्यंत मला पुन्हा वाटायला लागलं, बरं केलं.

कोर्टाकडून तिला साक्षीचं समन्स गेलं. आता ती येते का नाही, एवढाच प्रश्न होता. साक्षीच्या दिवशी मी सकाळपासून कोर्टाच्या फाटकात उभी. प्रत्येक गाडीकडे बघत होते. धाकटा वर बाकावर बसून होता आणि समोरच्या बाकावर ठेकेदार, इस्त्रीच्या कपड्यात, त्याच्याकडे न बघता. पुकारा व्हायची वेळ आली. मी हाय खाल्ली. आणि तेवढ्यात एक मोटारसायकल आत शिरली. पुढं डाळिंबवाला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, आणि मागं ती, डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांत माझ्या हिरव्या बांगड्या! मी धावत जाऊन तिचा हातच धरला.

"ह्येंनी दोन दिस अबोला धरला," ती जिना चढता चढता म्हणाली. "म्या म्हनलं, धरा."

साक्षीला उभी राहिल्यावर ती आधी अडखळली. मग हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. ठेकेदारानंच ह्या मिस्त्र्याला आमच्या घरी आणलं, पाया घातला तेव्हापासून दोघं बरोबर यायचे, परांची ठेकेदाराच्याच बांबूंची होती, सगळं सांगितलं. ठेकेदाराच्या वकिलानं चष्मा वर सरकवून विचारलं, "स्लॅब बघायला गावातले पुष्कळ लोक जमतात. हा त्यातलाच कुणी बघ्या नसेल कशावरून?"

ती त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू त्यालाच काही कळत नाही. "वकीलसाहेब, बघ्याला टॉवेल-टोपी देत्यात व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही. न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, "साहेब, म्या वरडले, थांबवा म्हनून. कुनी थांबवलं न्हाय. ह्यो खाली पडल्याला आन् वरनं माझं घर पुरं झालं. रोज त्याच छताखाली निजते मी. खोटं कसं बोलू?"

आणि मी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या म्हणजे काय, हात आपोआप वाजले. शिपाई धावला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण बाहेर काढलं नाही. धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. हसत होता की रडत होता, मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

निकाल पुढं काही महिन्यांनी लागला, आमच्या बाजूनं. वकीलबाईंनी बाहेर येऊन सोप्या भाषेत सांगितलं. मिस्त्री ठेकेदाराचाच माणूस होता, ठेकेदाराच्याच कामावर पडला, आणि भरपाई ठेकेदारानं द्यायची. मी त्यांना मिठी मारली, त्यांच्या काळ्या कोटाला माझ्या डोळ्यांतलं काजळ लागलं.

खाली जायला जिना होता आणि धाकटा वॉकर घेऊन पहिल्या पायरीशी अडला होता. मी पुढं होणार तोच ठेकेदार तिथं आला. सवयच ती, इतक्या वर्षांची. त्यानं धाकट्याच्या दंडाला हात घातला. कोर्टात सगळा वेळ खाली मान घालून बसलेला माझा भाऊ ताठ उभा राहिला.

"हात काढ," तो म्हणाला. "तू मला वळखत न्हाईस. म्या अनोळख्याच्या हातानं जिना उतरत न्हाय."

जिन्यात माणसं थांबली. ठेकेदाराचा चेहरा पडला. त्यानं हात काढला, पण हलला नाही. मला वाटलं आता निघून जाईल. त्याचा वकील वरून त्याला हाका मारत होता.

"वळखतो," तो पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाय!" मी ओरडले. माझं तोंड, दुसरं काय.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. "वळखतो रं!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी वर बघितलं. "माझा मिस्त्री हाय ह्यो. माझ्या कामावर पडला. माझ्या बांबूवरनं पडला!"

"ह्ये तवा जीपमधी म्हनला असतास," धाकटा म्हणाला, आणि वॉकर माझ्या हातात देऊन त्यानं ठेकेदाराच्या खांद्यावर सगळा भार टाकला.