मिशीवरचा आयात कर

बल्लारपुरात मी ज्याच्याकडे दाढी करतो, त्या सलूनवाल्याला जगाचा व्यापार तोंडपाठ आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे. डॉलर चढला हे सांगताना त्याचा वस्तराही गळ्यावरून वर चढतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही.

यंदा त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या कारागिरानं रस्त्यापलीकडे स्वतःचं सलून उघडलं आणि व्यापारयुद्ध पेटलं. मी एकदाच तिकडे मिशी कापून आलो, तर यानं पुढच्या दाढीला दहा रुपये जास्त लावले.

"काऊन?" मी विचारलं.

"परदेशी मिशी हाय, भाऊ. आयात कर लागनच."

पण आजवर हे दोघं एकमेकांचे केस कापत आले होते. महिनाभरात याच्या झिपऱ्या कानांवर लोंबू लागल्या. परवा माझा डावा गाल करून झाल्यावर त्यानं आरशात स्वतःकडे पाहिलं, "थांबा भाऊ," म्हणाला आणि तडक रस्ता ओलांडला. मी फेसासकट मागे धावलो. स्वारी त्या खुर्चीत मान खाली घालून बसलेली!

"अन् आयात कर?" मी ओरडलो.

"मुक्त व्यापार करार होऊन राह्यला, भाऊ! बसा, तुमची उरलेली दाढी हाच करून देते."

उजवा गाल त्या कारागिरानं केला. मिशीला मात्र दोघांनीही हात लावला नाही. ती सीमेवर होती.