गुलछडीचे कांदे आणि पखालवाला

निजामाच्या राज्यात मी परंड्याला मास्तर होतो, तेव्हा आमच्याकडं रोज सकाळी एक म्हातारा पखालवाला पाणी घालायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भांडण्यातच वेळ जायचा.

बायकोनं तिच्या आईच्या परसातले गुलछडीचे कांदे लोहाऱ्याहून आणून न्हाणीच्या भिंतीआड, वारं लागणार नाही अशा कोपऱ्यात लावले होते. थंडीत पात वाळली आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हणायचो, "इथं पाणी घाला." तो पखालीचं तोंड मुठीत आवळायचा. "न्हाय मास्तरसाब. मेले न्हाईत, निजलेत. पाण्यानं कुजतील."

धंदा पाण्याचा, आणि पाण्यालाच नकार!

शेवटी वैतागून मी खुरपं घेतलं आणि जिवंत आहेत का बघायला एकेक कांदा उकरत गेलो. कोवळे कोंब मोडून हातात आले. म्हातारा म्हणाला, "निजलेल्याला हलवून 'निजलास का' म्हणून इचारतात व्हय?" आणि उरलेल्या एका कांद्यापुढं तो ठाण मांडून बसला, मी खुरपं खाली ठेवीपर्यंत.

पावसाळ्यात त्या कांद्याला छडी आली. बायकोनं ती म्हाताऱ्याला दिली. खुरपं मात्र तिनं तेव्हापासून माझ्या हाती लागू दिलेलं नाही.