रोलमधला शेवटचा फोटो

पृथ्वीवर सगळ्यात कमी फोटो काढून स्वतःला सगळ्यात मोठा फोटोग्राफर समजणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला हाताला धरून बजाजनगरला नेईन आणि आमच्या दाजींसमोर उभा करीन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात क्वालिटी खात्यात काढली. लाईनवरून आलेला नग उचलायचा, उजेडात धरायचा, फिरवून बघायचा आणि उजव्या हाताचा पंजा उभा करून बाजूला सारायचा. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्तीनंतरही तो पंजा खाली यायला तयार नाही. वाढणाऱ्या बाईला 'पुरे', रिक्षावाल्याला 'थांब', टीव्हीवरच्या पुढाऱ्याला 'कळलं' आणि मला 'गप्प बसा', हे सगळं ते त्या एका पंजानं सांगतात. मी तापट माणूस आहे. हातगाडीवर टॉवेल विकत विकत गुलमंडीच्या बाजारपेठेतल्या दुकानापर्यंत पोचलोय. माझ्या तोंडासमोर पंजा उभा करणाऱ्या व्यापाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरही टिकू देत नाही. पण दाजी पडले घरचे जावई. जावयावर आवाज चढवायचा नाही, असं आई बजावून गेली. त्यामुळे त्यांच्यावरचा सगळा राग मी घरी येऊन उशीवर काढतो.

नवी वस्तू घरात आली की दाजी आधी तिची तपासणी करतात आणि सहसा ती नापास होते. टेपरेकॉर्डर होता त्या काळात ते कॅसेट पेन्सिलीनं उलटी फिरवायचे. "मोटर गाणं ऐकायला दिलीय, मागं जायला नाय," असं त्यांचं म्हणणं. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक त्यांनी आजतागायत काढलेलं नाही. ते आता इतकं पिवळं पडलंय की आतले आकडे दिसत नाहीत, आणि ताई आवाज वाढवायला गेली की चॅनेल बदलतं. दोष अर्थातच चॅनेलवाल्यांचा. भाचीनं हौसेनं बोलणारा स्पीकर आणून ठेवला, तर दाजींनी त्याला एकच प्रश्न विचारला, "तुला तपासलं कुणी?" त्यानं हवामान सांगितलं. त्याच दिवशी त्याची रवानगी माळ्यावर झाली. एकदा बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात हात पुढं केला की पाणी सोडणारे नळ बसवलेले होते. दाजी बेसिनपुढं हात मागं बांधून उभे आणि त्यांच्या मागं जेवून उठलेल्या पाहुण्यांची ही मोठी रांग. मी म्हटलं, "दाजी, नुसता हात पुढं करा, पाणी येतंय." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना बाजारात भीक मागायला सांगितलंय. "मेव्हणे, नळापुढं मी हात पसरू? तोटी कुठाय ते दाखवा." शेवटी ते मांडवाबाहेरच्या टाकीवर गेले, तिथं हात धुतले, आणि तिथली गळकी तोटी आवळून बंद करून मोठ्या समाधानानं परत आले.

पण दाजींचा खरा जीव कॅमेऱ्यात. लग्नानंतर लगेच त्यांनी रोलचा कॅमेरा घेतला, आणि त्या दिवसापासून फोटो ही गोष्ट त्यांनी कारखान्याच्या शिस्तीनं चालवली. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणजे छत्तीस प्रसंग. माणसं ओळीत उभी करायची, ऊन बघायचं, ढग सरकायची वाट बघायची, मग "श्वास धरा" म्हणायचं. आमच्या खानदानातली निम्मी माणसं फोटोत सुजल्यासारखी दिसतात ती या श्वास धरण्यामुळं. आणि इतकं करून मनासारखं जमलं नाही, तर कॅमेरा खाली आणि पंजा वर. आता त्यांच्या खिशात मोबाईल आहे, पण स्वभाव रोलचाच. आख्ख्या लग्नात ते एक फोटो काढतात. बाकीचे लोक भाताच्या मुदीचेसुद्धा दहा-दहा फोटो घेताना दिसले की त्यांचा जीव कासावीस होतो. "संपंल ना वो सगळं," म्हणतात. मोबाईलमध्ये रोल नसतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

माझं आणि त्यांचं खरं वैर त्या कॅमेऱ्यावरून. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी दुकान उघडलं. माझे वडील, आबा, मोंढ्यात धान्याची पोती वाहायचे. त्यांच्या पोरानं गुलमंडीत शटर वर केलं हे बघायला ते नवं धोतर नेसून आले होते. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि आबा एकदम पायरी उतरून रस्त्यावर गेले. मला वाटलं, चालले. ते वळले आणि अनोळखी गिऱ्हाइकासारखे परत आत आले. एक टॉवेल उचलून म्हणाले, "कसा दिला शेठ?" मी भाव सांगितला. "लई होतंय." मी म्हटलं, "एकच भाव, आबा." त्यांनी घासाघीस केली, टॉवेलचं सूत बोटानं ओढून बघितलं, रंग जाईल म्हणाले, शेजारच्या दुकानाची धमकी दिली. मी काही हललो नाही. आबा टॉवेल टाकून पायरी उतरले. गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतो, ही गुलमंडीची रीत. मी हाक मारली नाही. तेव्हा ते आपणच मागं फिरले आणि कमरेवर हात ठेवून गदागदा हसायला लागले. "आरं, बापाला सोडत नाय त्यो गावाला काय सोडील! चाललं बघ तुझं दुकान." त्याच क्षणी दाजींनी बटण दाबलं.

पुढच्या थंडीत आबा गेले. त्यांचा दुसरा फोटो आमच्याकडं एकच, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. हसणारे आबा दाजींच्या कॅमेऱ्यात होते. मी रोल धुवायला द्या म्हटलं. दाजींनी पंजा उभा केला. "एक फोटो शिल्लक हाय. लॉट पुरा झाल्याबिगर माल बाहेर जात नसतो." मी म्हटलं, मग काढा की एक, भिंतीचा काढा! "भिंतीचा? ज्या रोलमधी आबा हायेत त्या रोलमधी भिंत?" तिथून आमचा सौदा सुरू झाला. मी दुसरं दुकान घेतलं, तेव्हा त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली केला. उजेड नाही. माझ्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडताना, पुन्हा लावला, पुन्हा खाली. "दाजी, याच्यापेक्षा मोठा प्रसंग कोणता?" "तेच तर ठाऊक नाय ना. उद्या मोठा आला तर?" सुरतेचे आणि इचलकरंजीचे व्यापारी माझ्यापुढं घाम पुसतात, आणि हा माणूस मला एका बटणासाठी पंचवीस वर्षं झुलवत होता. वर दर दिवाळीला ऐकवायचा, "आबांचा फोटो काय आलाय! हसताना धरलंय. एक नंबर." न धुतलेल्या फोटोचं कौतुक मी फराळासोबत गिळत आलो.

गेल्या भाऊबीजेला मी ताईकडं गेलो. तिच्या लेकीनं तिला नवा फोन घेऊन दिला होता, आणि ताईनं तो शोकेसवर चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता. "हे बघ रे," ती म्हणाली, "बटण दाबायचं कामच नाय. नुसता तळहात दाखवायचा, जरा थांबतंय आन् आपोआप काढतंय." मला पाटावर बसवून तिनं हात दाखवला, फोननं टिचकी वाजवली. तेवढ्यात दाजी आतून आले. त्यांनी तो प्रकार बघितला आणि सवयीनं पंजा उभा केला. "थांबा! काय चाललंय?" फोननं त्यांचा फोटो काढला. "आगं, बंद कर ते." पंजा. फोटो. "आरं, थांब म्हणतोय ना!" पंजा. फोटो. ताई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी ताट पुढं केलं. "दाजी, करंजी?" पंजा. फोटो. "चकली तरी?" पंजा. फोटो. "मग चहा?" जन्मभर ज्या पंजानं त्यांनी सगळं नाकारलं, तोच पंजा आता फोटोमागून फोटो पाडत होता. एका रोलमध्ये मावणार नाहीत इतके निघाल्यावर कुठं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतला, पाठीमागं बांधला, आणि फोनपासून लांब जाऊन बसले.

मग ताईनं ते फोटो त्यांना दाखवले. दाजींनी फोन उजेडात धरला, एकेक नग तपासला. "फोकस बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "उजेड बी." फोन उलटा करून मागूनही बघितला. मग विचारलं, "पण काढला कुणी?" ताई म्हणाली, "कुणीच नाय. आपोआप." "मंग रिजेक्ट," दाजी उठले. "फोटो काढणारा माणूस लागतो. दाखवतो तुम्हाला." आणि कपाटातून, मऊ फडक्यात गुंडाळलेला तो कॅमेरा बाहेर आला.

त्या क्षणी मी 'काढा' म्हटलं असतं, तर पुढची पंचवीस वर्षं गेली असती. मी आयुष्यभर गुलमंडीत काय शिकलो, ते तिथं वापरलं. मी पाटावरून उठलो. "नको दाजी. भाऊबीज काय, दरवर्षी येते. एवढ्यातेवढ्यावर शेवटचा फोटो कशाला घालवता? राहू द्या, मी निघतो." आणि चपला घालून पायरी उतरलो. ताई आरतीचं ताट हातात घेऊन दारापर्यंत धावली. मी मागं वळून बघितलं नाही. रस्त्याला लागणार, तेवढ्यात हाक आली.

"ओ मेव्हणे! परसंग मोठा का बारका हे तुम्ही ठरवणार? उभं राहा तिथंच! श्वास धरा!"

मी वळलो, ताईनं ताट वर केलं, आणि खट्! इतका गोड आवाज सुरतेच्या कुठल्या व्यापाऱ्यानं हार मानतानाही काढला नाही. मी जिंकलो होतो. जावयावर न ओरडण्याचा नियम मोडून मी भर बजाजनगरात ओरडलो.

दाजी मात्र कॅमेरा छातीशी धरून उभेच. मी जवळ गेलो तर म्हणाले, "आबा आत होते तवर पास होते, मेव्हणे. आता बाहेर काढायचे, आन् आलेच नाय तर?" तेव्हा मला कळलं, मोठ्या प्रसंगाची वाट बघणं हा सगळा बहाणा होता. पण सौदा झाल्यावर माल सोडायचा नसतो. मी त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि उस्मानपुऱ्यातल्या फोटोवाल्या चाचांकडं गेलो. चाचा आता पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स करतात, पण जुनी माणसं त्यांच्याकडूनच बाहेरगावी रोल धुवायला पाठवतात. त्यांनी रोल बघून डोक्याला हात लावला. "इत्ते बरस कायकू रखे मियाँ? अंदर अचार डालरे थे क्या?" दाजींनी पंजासुद्धा उभा केला नाही.

रोल आला. बरेच फोटो धुक्यात गेले होते. पण आबा आले. सगळं तांबूस, कडेनं डाग, मागं माझं तोंड फुगलेलं, आणि मधोमध आबा, कमरेवर हात, तोंड उघडं, त्यातली पडलेल्या दाताची फटसुद्धा स्पष्ट. मी तो मोठा करून गल्ल्याच्या मागं लावलाय. दाजी दर शनिवारी बजाजनगरहून येतात, फोटोसमोर उभे राहतात, आणि टॉवेल घ्यायला आलेल्या बायकांना सांगतात, "हसताना धरलंय. माणसानं काढलाय."

मागच्या महिन्यात मी खटपट करून त्यांना नवा रोल मिळवून दिला. पहिला फोटो त्यांनी माझाच काढला. मी एका गिऱ्हाइकाशी भाव करत होतो. म्हणे मी हसत होतो, अगदी आबांसारखा. मला काही आठवत नाही. मी म्हटलं, "दाजी, कधी दाखवताय?"

त्यांनी पंजा उभा केला. "लॉट पुरा होऊ द्या."

मी गिऱ्हाइकाकडं वळलो. आता त्या कॅमेऱ्यात मी आहे आणि मला तिथं बरं वाटतंय. फक्त माझा मुलगा भाव करण्यात फार कच्चा आहे. माझ्यामागं हा रोल त्यालाच सोडवायचाय. त्याला पायरी कशी उतरायची, ते आतापासूनच शिकवायला हवं.