चालता-बोलता नमुना

"आणि हा आमचा चालता-बोलता नमुना. उभी राहा गं जरा."

सर, माझे पीएचडीचे गाईड, पुण्याच्या पाहुण्यांना सांगत होते. पडद्यावर रक्ताच्या पेशी. काही गोल, काही विळ्यासारख्या वाकलेल्या. माझ्या धाकट्या भावाचं, सुगतचं रक्त. "हा हिचा भाऊ. ही स्वतः वाहक. यांच्या लोकांत घरोघरी सिकलसेल सापडतो." मी उभी राहिले. अमरावतीच्या त्या थंडगार हॉलमध्ये सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, असं नंतर एका मैत्रिणीनं समजावलं. गंमत होती म्हणे.

मी तिथं संशोधक होते. सिकलसेलच्या रुग्णाला ते जीवघेणं दुखणं उठायच्या आधी रक्तात काय बदलतं, ते शोधत होते. ती खूण सापडली तर आधीच सावध होता येईल. सुगतसाठीच मी या विषयाला हात घातला होता. सर म्हणायचे, "रक्त आणायचं काम तुझं. अर्थ आम्ही लावू. तुमच्या वस्तीत तूच जा. तुला कोण नाही म्हणणार?"

खरंच, कोण म्हणणार? तेल्हाऱ्याकडच्या आमच्या वस्तीत बायांनी शेतातल्या निंदणाहून आल्या आल्या हात पुढे केले. आपली पोरगी शिकली म्हणून. रक्त गेलं, त्यात काय निघालं याचं उत्तर कधी आलं नाही. विचारलं की सर म्हणायचे, "त्यांना काय कळतंय त्यातलं?"

त्याच दुपारी हॉलबाहेर आईचा फोन आला. "सुगतले अकोल्याले आनलं वं. पोराचे हाडं फुटून राह्यले. तू ये." मी सरांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. खरंच चमकले.

"दुखतंय तोवरच रक्त घे. असा नमुना परत मिळायचा नाही."

अकोल्यापर्यंत रिकाम्या नळ्या पर्समध्ये वाजत होत्या. दवाखान्यात सुगत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. सलाईन चालू होतं, तरी ओरडत होता. आई पाय दाबायची तर तो आणखी ओरडायचा, आणि तिच्यानं पाय सोडवत नव्हते. एवढं शिकून मी नुसती उभी. मला माझ्या शिक्षणाची शिसारी आली. पर्समधून मी नळी काढली, ती त्यानं पाहिली.

"घे," तो म्हणाला. "पन माह्यं रक्त तिकडं जाऊन काय सांगते वं, ताई? मागच्या खेपीचं त कोनी सांगतलं नाई."

मी ती नळी कचऱ्यात टाकली. बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"मिळाला का नमुना?"

"तो नमुना नाही, सर. सुगत आहे. मीपण नमुना नाही. आमच्या वस्तीचं रक्त यापुढे तुमच्याकडे येणार नाही."

"मग पीएचडी विसर," सर शांतपणे म्हणाले.

आत सुगत ओरडतच होता. माझ्या बोलण्यानं त्याचं दुखणं तसूभर कमी झालं नाही. दुसरे गाईड मिळतील न मिळतील. सरांचा शब्द लांबवर चालतो, हे मी जाणून आहे.

पण आता वस्तीत जाईन ती आधी मागचं उत्तर घेऊन. ते मी भांडून मिळवीन आणि निंदणाहून आलेल्या बायांना आमच्या बोलीत सांगेन. तोवर एकही हात पुढे होऊ देणार नाही. रक्त आमचं आहे. अर्थही मीच लावीन.