गुलाबची गोष्ट कुठून सांगायची

सेलूच्या बाजारात आनंदाबाईंचं भांड्यांचं दुकान आहे. माहेर तळेगावचं, वडिलांचा किराणा. लग्न होऊन सेलूत आल्या त्या थेट गल्ल्यावरच बसल्या. भांड्यांवर नावं कोरायची मशीन नवऱ्याने, ओमप्रकाशजींनी, हौसेने आणली, पण ती चालवली आनंदाबाईंनीच. तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या फळ्यांवर त्यांचं अक्षर मांडलेलं आहे.

लेक नंदिनी नागपुरात नोकरीला लागली, मुलाने, मुकेशने, दुकान हाती घेतलं, तेव्हा बाईंनी मनातलं बोलून दाखवलं. कादंबरी लिहायची. वाचायचं वेड लहानपणापासूनचं. वडिलांच्या दुकानात रद्दीत आलेली पुस्तकं पुड्यांसाठी फाडली जायच्या आधी त्या वाचून काढायच्या. कादंबरीतली बाईही ठरलेली होती. गुलाब. सासर सोडून निघणारी आणि पुढे हिंगणघाटला खानावळ चालवणारी. गोष्ट सगळी डोक्यात तयार, अडलं ते सुरुवातीला.

आधी त्यांनी गुलाबच्या पणजोबांना धरलं. पणजोबा बैलगाडीतून आले, त्यांनी विहीर खोदली, भावकीशी भांडले. वही निम्मी भरली तरी गुलाब जन्माला येईना. मग जन्मापासून लिहिलं, तर पोरगी रांगायलाच फार वेळ लावू लागली. मग बोर नदीकाठची सकाळ लिहिली, धुकं आणि पाखरं घालून, आणि ओमप्रकाशजींना वाचून दाखवली. माणूस मोठा प्रेमळ. "चांगलं आहे ना, लय चांगलं आहे," म्हणाले, आणि लगेच, "चहा ठेवू का?" आनंदाबाई काय ते समजल्या. वही मिटली आणि चहा घेतला.

मार्चमध्ये शकुंतलाबाई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या, शेतीवाडीच्या घरच्या. नातीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती. सोबत धाकटी सून आचल. भांडी निवडून झाली, नावं कोरायला घेतली आणि लाइन गेली.

"बसा थोडं, येते आता," आनंदाबाई म्हणाल्या.

बसायला जागा भांड्यांमध्येच. आचलने एक मोठा गंज उचलून पाहिला. "बापा! रिकामाच इतका जड. भरल्यावर एकटीले उचलनं होते का?"

"गुलाबनं उचलला होता," आनंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "वांग्याच्या भाजीनं भरलेला."

"कोन गुलाब?"

"होती एक. उन्हाळ्याचे दिवस, घरी पंगत बसली, पानं मांडून झाली, पाहुणे भाजीची वाट पाहून राह्यले. अन् हिनं काय केलं, चुंबळ डोक्यावर ठेवली, त्याच्यावर गंज ठेवला, अन् मागच्या दारानं माहेरची वाट धरली."

आचल तोंडाला पदर लावून हसायला लागली. शकुंतलाबाई मात्र पुढे सरकून बसल्या.

"काऊन गेली थे? काय म्हणलं तिले?"

"सासू भर पंगतीत म्हणाली, हिच्या माहेरच्यांनी कधी पोटभर जेवू घातलं का कोणाले? अन् वांगी तं माहेरूनच आलती."

"भर उन्हाळ्यात वांगी?"

"तिच्या पणजोबानं खोदलेली विहीर होती ना. कधी आटली नाही."

"मंग बराबर आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी असती तं मीबी गंज तिथं सोडला नसता. पुढं सांगा. नवरा गेला का मागं?"

नवरा मागे गेला, पण भाजी वाढायचा डाव हातात घेऊन. तो डाव कुठून आला ते आनंदाबाईंना स्वतःलाच माहीत नव्हतं. बोलता बोलता सुचला. लाइन आली, पंखा फिरू लागला, तरी कोणी उठेना.

"आई, लाइन आली," मुकेशने आठवण केली.

"येऊ दे ना बापू," शकुंतलाबाईंनी त्यालाच गप्प केलं. "थे माहेरी पोचू तं दे."

त्या गेल्यावर आनंदाबाईंनी नवं पान काढलं आणि पहिलं वाक्य लिहिलं, "पानं मांडून झाली होती." पुढचं लिहिताना हात थांबला नाही. पणजोबांच्या वाट्याला चार ओळी आल्या. एवढं लिहिलेलं बाजूला ठेवायचं म्हणून जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

आता दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मुकेश गल्ल्यावर बसतो आणि त्या आत जाऊन लिहितात. सध्या गुलाब खानावळीसाठी जागा पाहते आहे. घरमालक बाईमाणसाला जागा द्यायला तयार नाही. ओमप्रकाशजी रोज विचारतात, "मानला का तो?"

"मानेल हो," आनंदाबाई म्हणतात. "तिच्या हातचं जेवलाच कुठं आहे अजून."